ऊन दाखवलेली काडतुसं

गोळी झाडल्यावर रायफलचा बोल्ट अडकला. माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, जोर लावून तो उघडला आणि रिकामी पुंगळी डोळ्यांसमोर धरली. बुडाची टोपी दबून सपाट झाली होती. आत दाब फार वाढल्याची ती खूण.

"बस झालं आता," तो रायफल खाली ठेवत म्हणाला. "तू दारू जास्त भरलीस."

ॲरिझोनात आम्ही काडतुसं घरीच भरतो आणि दारू तोलते मी. माझं डोकंच फिरलं. "गेल्या रविवारी याच डब्यातली चालली ना? चल, उरलेली उघडून तुझ्यासमोर तोलते!"

डबा गाडीपाशी, चिपळूणहून आलेल्या सासूबाईंकडे होता. तरातरा गेले, तर बॉनेटवर भर उन्हात मिरच्या वाळत घालाव्यात तशी काडतुसं पसरलेली. एका हातात छत्री धरून सासूबाई ती उलटवत होत्या.

"ओल धरू नये म्हणून सकाळपासून ऊन दाखवतेय," त्या म्हणाल्या. "मघाशी श्रीरंगला यातलीच दिली."

मागून आलेल्या श्रीरंगने कपाळावर हात मारला. "आई, दारू तापली की दाब वाढतो गं! आणि मी उगाच हिच्या मापावर..." तो हसतच सुटला.

सासूबाई नाही हसल्या. "हिच्या मापावर? अरे, हिच्या आमटीत मीठ कधी कणभर इकडेतिकडे होत नाही!"

तीन आठवडे त्या माझी आमटी मुकाट्याने ओरपत होत्या. चांगली होते, हे त्यांच्या तोंडून निघायला रायफल अडकावी लागली.