सोन्यावरचे चरे
माझ्या घटस्फोटित नवऱ्याची विधवा त्याच्या आजोबांचं सोन्याचं घड्याळ पारखून घ्यायला माझ्याच दुकानात आली. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं. आमच्या नऊ वर्षांच्या संसारात त्यानं ते एकदाही हातात घातलं नव्हतं. खराब होईल म्हणून कपाटात जपलं होतं. मी झाकण उघडून भिंगातून पाहिलं. यंत्र, तबकडी, काटे, सगळं अस्सल होतं. पण बाहेरून चरेच चरे! “किंमत निम्म्यावर येईल,” मी म्हणाले. ती हसली. “हे रोज घालायचे. भांडी घासतानाही काढायचे नाहीत. मी ओरडले की म्हणायचे, जपण्यात आधीच पुष्कळ वर्षं वाया गेली.” आमच्या घरी त्यानं कपसुद्धा विसळला नव्हता. “चरे घासून काढते,” मी घाईनं म्हणाले, “पैसेही नकोत.” तिनं माझ्या तळहातावरून घड्याळ अलगद उचललं आणि स्वतःच्या मनगटावर बांधलं.