तीन खुंट्या

कामाचा डोंगर पाहून डोकं फिरलं, तेव्हा मी शिलाईच्या खोलीबाहेर तीन खुंट्या ठोकल्या. एक आजच्या कपड्यांची, एक उद्याच्या, एक नंतरच्या. घरात बजावलं, "यापुढे कुणी गिऱ्हाइकाचे कपडे माझ्या अंगावर टाकायचे नाहीत. खुंटीला लावायचे आणि गप्प बसायचं."

आज बाजारातून दोरे घेऊन आले, तर तिन्ही खुंट्या रिकाम्या. खोलीबाहेरच्या टेबलावर सगळे कपडे शिवून, घडी घालून ठेवलेले. टाके माझेच. कात्री सोडून दातानं दोरा तोडायची खोडही माझीच.

माझा पारा चढला. "माझ्या मशीनला हात कुणी लावला?"

धाकटी जाऊ गोंधळली. "ताई, सकाळपासून तुम्हीच तर बसलाय. चहा आणला तर माझ्यावरच खेकसलात."

"मी बाजारात होते, मूर्ख!"

तेवढ्यात बंद दाराआड मशीन घरघरायला लागलं. मग थांबलं.

"बाहेर कोण बोंबलतंय?" आतून माझाच आवाज कडाडला. "हाकला तिला! मला कामं उरकू द्या!"

जावेनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि माझा दंड घट्ट धरला.

"चला बाई, बाहेर व्हा," ती हळूच म्हणाली. "आमच्या ताई फार तापट आहेत."