बाळसं

करोनाच्या साथीत लस घेण्यासाठी तानाबाई नातीला घेऊन मंद्रूपच्या आरोग्य केंद्रात आल्या. छोट्या संस्कृतीने मास्क लावला होता, त्यामुळे तिचे फक्त डोळे दिसत होते. पापण्या सुजलेल्या होत्या.

"घरी बसून पोरीनं लई बाळसं धरलंय," तानाबाई कौतुकाने म्हणाल्या.

"आजी, पापण्यांना बाळसं येत नाही," असे म्हणत डॉक्टरीणबाईंनी लगेच मुलीची लघवी तपासून घेतली. मूत्रपिंडाचा आजार वेळीच सापडला.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यातले उपचार संपल्यावर दोघी पुन्हा केंद्रात आल्या. सडपातळ मुलीकडे पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारले, "संस्कृतीला नाही आणलं?"

"हीच की ती!" तानाबाई खळखळून हसल्या. "आजार काढला तो काढला, गाल बी काढून घेतलं की वो तुमी! आता मुका कुटं घिऊ?"