बाबांची आठ हजार पावलं

"बाबा, तुम्ही तं पलंगावरून हलत नाही, मंग तुमचे रोजचे आठ हजार पावलं होते कसे?"

मैत्रिणींनी 'विचारूनच दाखव' म्हणून डिवचलं होतं, म्हणून पायलनं विचारून टाकलं. शुगर निघाल्यापासून बाबांचं नाव मोबाइलवरच्या चालण्याच्या शिबिरात होतं, आणि अख्ख्या ग्रुपात त्यांचाच पहिला नंबर.

बाबा लोडाला टेकूनच हसले. "तुही माय फिरवते ना मोबाइल."

आई खरंच त्यांचा मोबाइल पदरात बांधून अंगणात गोल गोल फिरत होती. फाटकाला आतून कडी होती.

"आई, रस्त्यानं काहून नाही चालत?"

"बाईमाणसानं कायले भटकाव, म्हणतात तुहे बाबा." तिनं गुडघा दाबला आणि पुन्हा चालू लागली. "सहा हजार झाले. कमी भरले तं शिबिरवाल्या सरांचा फोन येते, मंग हे माह्यावरच चिडतात."

पायलनं पदराची गाठ सोडली, मोबाइल नेऊन बाबांच्या हातात दिला आणि फाटकाची कडी काढली.

"बाबा, उरलेले दोन हजार तुमचे तुम्ही चाला. मी अन् आई आता रोज एसटी स्टँडपर्यंत फिरून येणार आहो. आई, चप्पल घाल."