भिंतीपलीकडचा धूर

कावेरीनं मांसाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्राणिसंग्रहालयातली ही वाघीण पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पडून होती. गोमाश्यांनी चावून चावून तिच्या कानांच्या कडा रक्ताळल्या होत्या आणि कान झटकण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. नागोजीरावांचे डोळे भरून आले. बाटलीनं दूध पाजून त्यांनी तिला वाढवलं होतं. तिचा भाऊ याच तापानं गेल्या आठवड्यात गेला होता.

"जगेल का, सार?"

"भावाच्या रक्तात होते तेच जंतू निघाले," शेषगिरी डॉक्टर म्हणाले. "औषध टोचलंय. पण ते परत परत येत राहिले तर औषध काय करणार? नोडी, बघा नागोजीराव, गोमाशी पोटभर प्याली की गप्प बसते. अर्ध्यावर उठवली, की तसंच रक्तानं माखलेलं तोंड घेऊन लगेच दुसऱ्या जनावरावर बसते. आसपास कुणाचं ढोर, घोडं आजारी आहे काय?"

"नाही सार," नागोजीराव म्हणाले खरे, पण त्यांची मान खाली गेली.

त्यांचे पणजे म्हैसूरच्या घोडदळात होते. आता घराण्यात टांग्याची एक घोडी तेवढी उरली होती, कल्याणी. पिंजऱ्यामागच्या भिंतीपलीकडेच त्यांचं घर आणि तिचा तबेला. दिवस कलला की आधी घोडीला कडुनिंबाचा धूर, मग देवापुढे दिवा, हा पणज्यांपासूनचा नेम. हल्ली कल्याणीला ताप येई, जाई. पाय सुजत. म्हणून ते धूर जरा जास्तच करीत. डॉक्टरांना सांगावं, तर तिला नेतील आणि परत आणणार नाहीत, ही धास्ती.

तेवढ्यात भिंतीपलीकडून भवानीबाईंची हाक आली.

"अहो, तुमची वाट बघून मीच धूर केला. कल्याणीवर एक माशी ठेवली नाही बघा."

भिंतीवरून निळसर धूर वर आला. त्याच्या पुढे पुढे गोमाश्या आल्या. पिंजऱ्याच्या गजांतून आत शिरल्या आणि कावेरीच्या कानांवर बसल्या.

नागोजीराव भिंतीकडे धावले.

"धूर विझव, भवानी," ते ओरडले. मग डॉक्टरांकडे वळले. "सार, सुई घेऊन माझ्या घरी चला. घोडी आजारी आहे. तिच्यावरची एकेक माशी इतके दिवस मीच या पोरांवर हाकलत होतो."