विरजणाची तार

खाली चूल नव्हती, तरी शकुंतलाबाईंच्या ओट्यावरच्या बरणीत बुडवलेल्या तारेभोवती पाणी खळखळत होतं. ऊर्जाखात्याचे नांदगावकर सील घेऊन समोर उभे होते.

“घरात अणू जुळवून उष्णता काढायला बंदी आहे, बाई. हे चालतं कसं, तेही तुम्हाला ठाऊक नाही.”

“आमचा अंदाज आहे ना! निकेलच्या नव्या तारेत हायड्रोजनचे अणू नुसते कोंडून बसतात. चालू तारेशेजारी ठेवली, की तिलाही ते जुळवायची सवय लागते. विरजण लावतो ना, तसं.”

“शास्त्रज्ञ हसतात याला.”

“हसू देत. आमचं चुकत असेल तर चूक दाखवा. सील काय दाखवता?”

नांदगावकरांनी तार उपसून पिशवीत टाकली, बरणीला सील ठोकलं. पाणी निवत गेलं. खात्याने त्यांचा गॅस आधीच तोडला होता.

“विरजण कुणाकुणाला दिलंत? नावं सांगा.”

“दही मागायला आलेल्यांची नावं कोण लक्षात ठेवतं?”

तेवढ्यात शेजारची रुबिना दारात आली. तिच्या हातातल्या झाकलेल्या वाटीतून वाफ निघत होती. साहेबांना पाहून ती थबकली.

“ये गं आत,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

“तुमचंच विरजण, मावशी. गेल्या हिवाळ्यात नेलं होतं.”

शकुंतलाबाईंनी साहेबांदेखत पातेल्यात पाणी ओतलं आणि वाटीतली तार त्यात सोडली. तळातून बुडबुडे वर आले. जिन्यातून आणखी वाट्यांचा किणकिणाट ऐकू येऊ लागला.

“लावा सील,” त्या म्हणाल्या. “पातेली पुष्कळ आहेत.”