पाय हलला

गाडीचा धक्का बसल्यापासून श्यामरावांचा लाडका कुत्रा भोंबोल मागचे पाय फरफटत चालत होता. शकुनताईंनी त्याला टॅक्सीत घालून कोलकात्यातल्या बालीगंजच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मांडीचा स्नायू फाटलाय, तो भरून येईल, पण पाठीतल्या नसांचं बघावं लागेल, असं म्हणत डॉक्टरांनी चिमट्याने त्याच्या पायाचं बोट दाबलं. भोंबोलने पाय झटकन आखडून घेतला.

"हलला की पाय," शकुनताई हरखून म्हणाल्या. "म्हणजे त्याला कळतंय."

"पाय आपोआपही हलतो, मासीमा," डॉक्टर हळूच म्हणाले. "दुखलेलं मेंदूपर्यंत पोचलं असतं, तर त्याने वळून माझ्याकडे बघितलं असतं."

घरी श्यामराव वर्षभर पलंगावर निपचित पडून होते. शकुनताई रोज संध्याकाळी त्यांच्या तळव्यावरून नख फिरवत, आणि पाय हलला की पुण्याच्या मुलीला फोन करून सांगत, "कळतं गं बाबांना सगळं."

आज मुलीचाच फोन आला. "आई, हलवला पाय बाबांनी?"



"हलवला," शकुनताई म्हणाल्या. श्यामरावांच्या पायांवरचं पांघरूण त्यांनी आज काढलंच नव्हतं.